तेरावा मजला आणि मच्छीमार नगर

कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तेराव्या मजल्यावर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचं कार्यालय आहे. गडचिरोलीतली पिठाची गिरणी, इचलकरंजीचा यंत्रमाग, नाशिकच्या द्राक्षबागेतला पंप, मुंबईतलं पंचतारांकित हॉटेल, या सगळ्यांना एका युनिटमागे किती पैसे मोजावे लागतील, ते या कार्यालयाच्या आदेशाने ठरतं. तिथून चालत काही मिनिटांवर, बधवार पार्कच्या रेल्वे वसाहतीजवळ, समुद्राला लागून मच्छीमार नगर आहे. राज्याचा वीजदर ज्या इमारतीत ठरतो तिच्या इतक्या जवळ ही कष्टकऱ्यांची वस्ती आहे.

आयोगापुढे दरवाढीचा प्रस्ताव आला की तो जाहीर होतो, हरकती मागवल्या जातात, जनसुनावणी होते. 2003च्या वीज कायद्याने हा हक्क प्रत्येक ग्राहकाला दिलेला आहे. प्रत्यक्षात सुनावणीला दिसतात ते उद्योगांच्या संघटनांचे वकील, कंपन्यांचे अभियंते, आणि मुंबई ग्राहक पंचायत किंवा पुण्याच्या 'प्रयास'सारख्या मोजक्या संस्थांचे अभ्यासू कार्यकर्ते. कोळीवाड्यातलं, चाळीतलं, झोपडपट्टीतलं माणूस तिथे क्वचितच असतं. विजेचा दर हा हिशेबाचा विषय आहे, पण कुणाचं गाऱ्हाणं त्या हिशेबात धरलं गेलं यावरही तो ठरतो. मच्छीमार नगरच्या बाबतीत हे दोन्ही तपासून पाहण्यासारखं आहे.

दहा बाय पंधराच्या खोलीतली वीज

एका खोलीचं, वर माळा काढलेलं घर धरू. पंखा दिवसाचे सोळा तास चालतो. जुना पंखा 75 वॅटचा असतो, म्हणजे रोज सव्वा युनिटच्या आसपास, महिन्याला 36 युनिट. फ्रिज रोज साधारण एक युनिट घेतो, त्याचे 30. टीव्ही, दोन एलईडी दिवे, मिक्सर, तीन-चार मोबाईल यांचे मिळून 20-25. बेरीज शंभराच्या किंचित आत येते.

हा शंभराचा आकडा महत्त्वाचा आहे. घरगुती दराचे टप्पे 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500च्या वर असे आहेत. पहिला टप्पा स्वस्त, पुढचा प्रत्येक टप्पा महाग. शंभर युनिटची रेषा ओलांडली की सगळं बिल महाग होतं असा अनेकांचा समज असतो, तो बरोबर नाही. वरच्या दराने फक्त शंभराच्या वरची युनिटं धरली जातात. पण ती वरची युनिटं फारच महाग असतात. राज्यातली सर्वांत मोठी वीजवितरण कंपनी महावितरण, तिचे 2024-25चे दर पाहा: पहिल्या शंभर युनिटांना वीज आकार 4.71 रुपये, पुढच्या दोनशेंना 10.29, त्यापुढच्या दोनशेंना 14.55 आणि 500च्या वर 16.64 रुपये. याशिवाय युनिटमागे 1.17 रुपये वहन आकार. कफ परेडला वीज देणाऱ्या बेस्टचे आकडे वेगळे आहेत, पण टप्पे तेच.

मासळीचा धंदा असलेल्या घरात एक मोठी वस्तू जास्तीची असते, ती म्हणजे डीप फ्रीजर. सकाळी ससून डॉकवरून आणलेला माल संध्याकाळपर्यंत संपला नाही तर तो टिकवावा लागतो. लहान फ्रीजरही रोज दीड-दोन युनिट घेतो, महिन्याला 45-60. शंभराच्या काठावरचं घर त्यामुळे दुसऱ्या टप्प्यात जातं. म्हणजे जी वीज चैनीसाठी वापरलेली नाही, जिच्यावर पोट चालतं, नेमकी तीच महाग दराने येते. शेजारच्या मनोऱ्यांमधला एक दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट घेतो. रोज आठ तास चालला तर मच्छीमार नगरच्या खोलीची महिन्याची वीज तो आठ ते बारा रात्रींत संपवतो.

आयोगाच्या दरआदेशांत एक उपयोगी तरतूद आहे. राहत्या घराच्या काही भागात छोटा धंदा चालत असेल आणि वापर महिन्याला 300 युनिट व वर्षाला 3600 युनिटच्या आत असेल, तर त्या घराला व्यापारी दर लावायचा नाही, घरगुतीच लावायचा. घरात मासळी साठवणाऱ्या, मसाले कुटणाऱ्या, शिलाई करणाऱ्या बाईसाठीच जणू ती लिहिलेली आहे. ती मराठीत छापून वस्तीतल्या प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लागली पाहिजे.

बर्फाच्या एका लादीतले युनिट

कोळ्याच्या घरचं वीजबिल मीटरच्या पेटीपुरतं नसतं. होडी समुद्रात जाते ती डिझेल आणि बर्फ घेऊन. चार-पाच दिवसांच्या फेरीला काही टन बर्फ लागतो. पाणी तीस अंशांवरून शून्यावर आणून गोठवायला किती उष्णता काढावी लागते त्याचा हिशेब मांडला आणि कारखान्याच्या यंत्रांची कार्यक्षमता धरली, की एक टन बर्फाला साधारण 50 ते 70 युनिट वीज लागते. पाच टन बर्फाची एक फेरी म्हणजे 250 ते 350 युनिट, मच्छीमार नगरच्या एका घराची तीन महिन्यांची वीज. बर्फाच्या कारखान्याला लागणारा दर म्हणूनच पापलेटच्या भावात उतरतो आणि होडी चालवणाऱ्या तांडेलच्या वाट्यातून वजा होतो.

22 एप्रिल 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यात कृषी दराने वीज हा एक मोठा लाभ होता. कोळी समाजाची ही मागणी जुनी आणि न्याय्य आहे. शेतकऱ्याच्या साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला 2024पासून 'मुख्यमंत्री बळीराजा' योजनेत वीज मोफत आहे. समुद्रात उतरणाराही निसर्गाच्या भरवशावरच अन्न काढतो. पण दर्जा मिळणं आणि बिल कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सवलतीचा दर कुणाला लागू, याची यादी सरकारी निर्णयात आणि दरआदेशात शब्दाशब्दाने लिहिलेली असते. बर्फाचा कारखाना, शीतगृह, मासळी सुकवण्याची आणि निवडण्याची जागा, लिलावगृह, यातलं प्रत्येक नाव त्या यादीत आहे की नाही हे वाचून पाहायला हवं. यादीत नाही ते बिलातही उतरत नाही. घरातल्या फ्रीजरचा प्रश्नही विचारायला हवा.

वाडी बंदर ते मुळशी

मच्छीमार नगरला वीज बेस्ट देते. आज ती बसगाड्यांमुळे ओळखली जाते, पण 1905मध्ये 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज' या नावाने ती उभी राहिली तेव्हा वीज तिच्या नावात आधी होती. त्याच वर्षी वाडी बंदरला तिचं वाफेवरचं वीजघर सुरू झालं. 7 मे 1907 रोजी मुंबईत विजेवरची ट्राम धावली. विजेची मागणी इतकी वाढली की 1912मध्ये माझगावला मोठं वीजघर बांधावं लागलं. पुढे कोळसा जाळून स्वतः वीज बनवण्यापेक्षा टाटांकडून घाऊक वीज घेणं स्वस्त पडू लागलं आणि बेस्ट फक्त वितरण करू लागली. 7 ऑगस्ट 1947 रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, मुंबई महापालिकेने ती ताब्यात घेतली. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतचे दहा लाखांहून अधिक ग्राहक आज तिच्याकडे आहेत. तारा जमिनीखालून जातात, गळती काही टक्क्यांचीच आहे.

टाटांची ती स्वस्त वीज सह्याद्रीतून आली. 1910मध्ये कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण आणि शिरोटा या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून 1915मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. 1922मध्ये कर्जतजवळ भिवपुरी, 1927मध्ये रायगडच्या घाटपायथ्याशी भिरा. तिन्हींची क्षमता आज मिळून सुमारे 450 मेगावॅट आहे. पूर्वेला भीमेकडे जाणारं पाणी अडवायचं, बोगद्यांतून आणि नळांतून पश्चिमेला 500 मीटरच्या आसपास खाली सोडायचं आणि त्याच्या जोरावर चाकं फिरवायची, अशी ही रचना. हिशेब केला तर एका युनिटमागे सुमारे 900 लिटर पाणी एवढ्या उंचीवरून खाली यावं लागतं. परळ-लालबागच्या गिरण्यांची धुरांडी ज्या विजेने थंड केली ती मावळातल्या पावसाची वीज होती.

तिची किंमत मावळातल्या माणसांनी मोजली. मुळशी पेट्यात पन्नासहून अधिक गावांची भातजमीन आणि घरं पाण्याखाली जाणार होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मुळशीत सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी तो चालवला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा होती. बायका-मुलं बांधाच्या कामावर बसली, मार खाल्ला, तुरुंगात गेली. बापटांना 'सेनापती' हे बिरुद याच लढ्याने दिलं. 1924मध्ये लढा संपला तेव्हा धरण थांबलेलं नव्हतं. राजेंद्र व्होरा यांनी त्याचा इतिहास लिहिताना जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हणून त्याची नोंद केली.

भिऱ्याची वीज मुंबईत आली तेव्हा धरणाकाठच्या वाड्यांत दिवा नव्हता. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ 1960मध्ये स्थापन झालं, खेड्यापाड्यांत वीज पोचली ती त्यानंतर. विजेसाठी घर सोडणाऱ्या पिढीतले अनेक जण वीज न पाहताच गेले. आज दक्षिण मुंबईत दिवा लावणाऱ्या प्रत्येकाने, गरिबानेही, हे ऋण ओळखायला हवं. मच्छीमार नगरच्या कोळ्यांना ते ओळखणं अवघड नाही, कारण त्यांच्या समाजाच्या वाट्याला हेच किनाऱ्यावर आलं.

किनाऱ्याने मोजलेली किंमत

जलविद्युत पुरेनाशी झाली तेव्हा वीजघरं समुद्राकडे आली, कारण औष्णिक आणि अणुवीजघराला थंड करायला पाणी लागतं आणि कोळसा उतरवायला बंदर. 1956मध्ये ट्रॉम्बेला टाटांचं औष्णिक वीजघर सुरू झालं, ठाण्याच्या खाडीला लागून. 1969मध्ये तारापूरला देशातलं पहिलं अणुवीजघर. तिथे तिसरी आणि चौथी अणुभट्टी उभी राहताना पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली गेली. त्यांत मच्छीमार होते, शेतकरी होते. समुद्रापासून लांब वसवलेल्या मच्छीमाराला घर मिळतं, पण त्याचा धंदा जुन्या किनाऱ्यावरच राहतो.

डहाणूला 1995मध्ये 500 मेगावॅटचं कोळशाचं वीजघर मुंबईच्या उपनगरांसाठी सुरू झालं. स्थानिकांनी आणि पर्यावरण कार्यकर्त्यांनी न्यायालयाचा मार्ग धरला. वीजघर सुरू होण्याआधीच, 20 जून 1991ला, केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1996मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. धुरातला गंधक काढणारं संयंत्र तिथे बसलं ते या प्राधिकरणाच्या आग्रहाने. देशातल्या बहुतेक कोळसा वीजघरांत ते त्यानंतर कित्येक वर्षं नव्हतं. ऐकणारं कुणी असलं तर काय होऊ शकतं याचं हे महाराष्ट्रातलं चांगलं उदाहरण आहे.

उलट उदाहरण गुहागरचं. तिथल्या, एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाशी वीज मंडळाने 1993मध्ये खरेदी करार केला. ग्राहकांपुढे त्याची सुनावणी झाली नाही. प्रकल्पाशेजारच्या वेलदूरच्या मच्छीमार बायकांना जून 1997मध्ये पोलिसांनी घरांतून ओढून मारलं. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याची नोंद आपल्या अहवालात केली. 1999मध्ये सुरू झालेल्या त्या वीजघराची वीज इतकी महाग निघाली की 2001मध्ये मंडळाने खरेदी थांबवली. त्या व्यवहाराचा भार राज्याने उचलला, म्हणजे सामान्य वीजग्राहकाने आणि करदात्याने. दरम्यान 5 ऑगस्ट 1999 रोजी नियामक आयोग स्थापन झाला. वीजखरेदीचे करार बंद खोलीत होऊ नयेत आणि दरवाढीआधी ग्राहकाला विचारलं जावं, ही त्यामागची कल्पना होती. वेलदूरसारख्या गावांनी भोगलेल्या गोष्टींमुळे ती कल्पना किती गरजेची आहे ते महाराष्ट्राला कळलं होतं.

बिलातल्या ओळी

मच्छीमार नगरच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळी असतात. वीज वापरली नाही तरी स्थिर आकार द्यावा लागतो. तारांनी वीज आणण्याचं भाडं म्हणजे वहन आकार. कोळसा-वायूचे भाव वरखाली झाले की तो फरक इंधन समायोजनात येतो. 2022मध्ये आयात कोळसा महागला तेव्हा युक्रेनच्या युद्धाची झळ याच ओळीतून घराघरांत पोचली. वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर आहे, घरगुती ग्राहकाला 16 टक्के. आधीच्या आकारांवर तो लागतो, म्हणजे दर वाढला की करही वाढतो.

बेस्टच्या बिलात काही काळ आणखी एक ओळ होती. बसवाहतुकीतला तोटा वीजग्राहकांकडून वसूल करायला बेस्टला परवानगी होती. वीज आणि बस एकाच उपक्रमात असल्याने विजेच्या नफ्यातून बस चालत आली होती. स्वस्त बस ही मुंबईच्या गरिबांची गरज आहे, तिला पैसे मिळालेच पाहिजेत. पण ते टप्प्याटप्प्याच्या वीजबिलातून न येता महापालिकेच्या तिजोरीतून येणं योग्य. त्या आकाराला ग्राहकांनी आयोगापुढे आणि न्यायालयात वर्षानुवर्षं विरोध केला आणि पुढे तो बिलातून गेला.

पुरवठादार बदलायची सोय इथे जवळपास नाही. उपनगरांत अदानी आणि टाटा यांच्यात निवड करता येते. बेस्ट स्थानिक प्राधिकरण असल्यामुळे वीज कायद्याच्या कलम 42ने तिच्या जाळ्यावरून दुसऱ्याने वीज द्यावी असं बंधन तिच्यावर घातलेलं नाही. म्हणून बेस्टच्या ग्राहकाची ताकद सुनावणीतच आहे.

मुंबईची वीज बाहेरच्या तारांवर किती अवलंबून आहे ते 12 ऑक्टोबर 2020ला दिसलं. कळवा-पडघा पट्ट्यातल्या वाहिन्या कोलमडल्या, शहराला वेगळं काढून वाचवणारी 'आयलँडिंग' यंत्रणा अपयशी ठरली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्यानंतर खारघर-विक्रोळी ही 400 केव्हीची वाहिनी 2023मध्ये सुरू झाली. अशा प्रत्येक वाहिनीचा खर्चही शेवटी दरात येतो.

एक मीटर, चार चुली

दाट वस्तीतला सर्वांत मोठा अन्याय मात्र दरपत्रकात दिसत नाही. तो मीटरच्या पेटीत आहे. खोली एकाची, माळ्यावर भाडेकरू, मागच्या बाजूला धाकट्या भावाचं बिऱ्हाड, पुढे आणखी एक कुटुंब, आणि मीटर एकच. प्रत्येक चूल महिन्याला 80 युनिट वापरते असं धरू. स्वतंत्र मीटर असतं तर चौघंही पहिल्या टप्प्यात राहिले असते. एकाच मीटरवर 320 युनिट झाले की बिल तिसऱ्या टप्प्यात जातं.

महावितरणच्या वर दिलेल्या दरांनी पाहा. चार स्वतंत्र मीटरांचा वीज आकार 1507 रुपये. एकाच मीटरवर तो 2820 रुपये. तीन जादा मीटरांचा 128 रुपयांप्रमाणे स्थिर आकार 384 रुपये मिळवला, तरी एका मीटरवाल्यांना दरमहा नऊशे रुपयांहून अधिक जास्त द्यावे लागतात, त्यावर 16 टक्के शुल्क वेगळं. काटकसर करणाऱ्याला सवलत मिळावी म्हणून टप्पे केले, आणि सर्वांत काटकसरीने राहणाऱ्यांनाच त्यांचा दंड बसतो. भाडेकरूला उपमीटर लावून सरसकट दर आकारला जातो तेव्हा तर पहिल्या टप्प्याचा स्वस्त दर त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

यावर कायदा आहे. वीज कायद्याच्या कलम 43प्रमाणे जागेचा मालक किंवा जागा वापरणारा, कुणीही अर्ज केला तर वितरकाने महिन्याभरात वीज द्यायची असते. 'वापरणारा' हा शब्द कायद्यात मुद्दाम आहे. कलम 56प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी जोडणी तोडता येत नाही. तक्रारीसाठी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. हे सगळे हक्क कागदावर नीट लिहिलेले आहेत. वापरले तर ते खरे ठरतात.

सूर्याची वीज हा मार्ग इथे अर्धाच उघडा आहे. फेब्रुवारी 2024मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत एका किलोवॅटला 30 हजार, तीन किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान मिळतं. एका किलोवॅटला शंभरेक चौरस फूट मोकळं, स्वतःच्या हक्काचं छप्पर लागतं. पत्र्याच्या, सामाईक, मालकीचा प्रश्न असलेल्या छपरावर ते बसवणं जवळपास अशक्य. छप्पर नसलेल्यांना दुसऱ्या जागेवरच्या सौर संचात वाटा देऊन त्याची युनिटं त्यांच्या बिलातून वजा करण्याची सोय झाली पाहिजे. वस्तीजवळच्या शाळा, मासळी बाजार, सरकारी इमारती यांची गच्ची त्यासाठी आहे.

2025-26 ते 2029-30 या पाच वर्षांचे दर ठरवण्याची प्रक्रिया आयोगाने पार पाडली आहे. मधला आढावा येईल, नवे प्रस्ताव येतील. तेव्हा मच्छीमार नगरने मांडायचे चार मुद्दे आधीच तयार आहेत: प्रत्येक चुलीला स्वतंत्र मीटर, आणि ते होईपर्यंत सामाईक मीटरवर कुटुंबांच्या संख्येने टप्पे; बर्फ, शीतगृह आणि मासळी साठवणीला कृषी दर, त्यात घरातल्या फ्रीजरचाही विचार; छप्पर नसलेल्यांना सौरविजेत वाटा; आणि वस्तीत, मराठीत सुनावणी. त्यांत पाचवा मुद्दा मुळशी, पोफरण आणि अक्करपट्टीसाठी असावा: ज्यांच्या जमिनीवर आणि किनाऱ्यावर वीज तयार होते त्यांचा पुनर्वसनाचा प्रश्न सुटलेला नसताना त्या विजेचा दर ठरवणाऱ्यांनी तो प्रश्न नोंदवून घ्यावा. कोळ्यांनी हे मांडलं तर त्याला वजन येईल, कारण किनाऱ्याने काय मोजलं ते त्यांना सांगावं लागत नाही.

हरकत नोंदवायला वकील लागत नाही. मराठीत लिहिलेलं एक पत्र, बिलाची प्रत आणि सुनावणीला येऊन बोलण्याची तयारी एवढं पुरतं. तेराव्या मजल्यावरच्या खोलीत उद्योगांचं म्हणणं दरवेळी पोचतं. तिथपर्यंत चालत जाऊ शकणाऱ्या वस्तीचं म्हणणंही पुढच्या सुनावणीच्या नोंदीत आलं पाहिजे.